मोटरसायकलच्या विम्याची जाहीर निविदा

आमच्या घरी मोटरसायकल बायको चालवते आणि मी मागे बसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते वारंवार निघणार आहे आणि दरवेळी अपमान माझाच होणार आहे. मला मोटरसायकल चालवता येत नाही असं नव्हे. मला ती थांबवता येत नाही. फरक आहे.

तर गोष्ट विम्याची. आमची ही फिजिओथेरपिस्ट. दवाखान्यातल्या नोकरीचा राजीनामा देऊन तिने पेशंटच्या घरी जाऊन उपचार करायचं ठरवलं होतं. दवाखान्यातला हा शेवटचा आठवडा, आणि सोमवारी सकाळी पहिला पेशंट. अर्धांगाच्या झटक्यातून उठलेले एक आजोबा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे बस जाते पण परत येईलच असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही. आणि मोटरसायकलचा विमा संपत होता रविवारी.

"अहो, एवढं एकच काम तुम्ही करा," ही खांद्याला पिशवी अडकवत म्हणाली. "बिनविम्याची गाडी मी रस्त्यावर काढणार नाही, आधीच सांगते. आणि पहिल्याच दिवशी गेले नाही तर आजोबांची मुलगी दुसऱ्या कुणाला तरी बोलावेल. मग बसा घरी. आहे तोच विमा पुढे चालू करा, झालं."

आहे तोच पुढे चालू करा! मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या खरेदी विभागात काम करतो. तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय मी आजवर टेबल पुसायचं फडकंसुद्धा घेतलेलं नाही. मी घेतलेले पंप आजही चालतात. जे चालत नाहीत त्यांची फाईल चालू आहे. अशा माणसाला त्याची स्वतःची बायको सांगते की विचार करू नका, आहे तेच घ्या. मी फक्त "बघतो" म्हणालो. आमच्या कार्यालयात हा शब्द ऐकून भले भले ठेकेदार पांढरे पडतात. ही पिशवी उचलून निघून गेली.

पहिली चूक मी जिन्यात केली. वरच्या मजल्यावरचे काका समोरून येत होते. त्यांना मी सहज विचारलं, "काय हो काका, गाडीचा विमा कोणता चांगला?" काका बँकेतून निवृत्त झालेले. कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारावं म्हणून ते दिवसातून अनेकदा जिना चढतात-उतरतात असा माझा जुना संशय आहे. ते कठड्याला टेकले आणि मी ओळखलं, संपलं आता.

"माझी स्कूटर चोरीला गेली होती, ठाऊक आहे ना?" काका म्हणाले. ठाऊक नव्हतं असा माणूस आमच्या इमारतीत जन्माला यायचा आहे. "विमा होता. हप्ता वेळेवर. कंपनीत गेलो, तर म्हणतात, दोन्ही किल्ल्या आणून द्या. आता एक किल्ली स्कूटरलाच राहिली होती! म्हणून तर चोरीला गेली! चोराकडून किल्ली आणू का मी?"

"मग काय केलंत?"

"अजून भांडतोय," काका अभिमानाने म्हणाले. त्यांचा सल्ला असा निघाला की विमा हवा, पण विमा कंपनी नको. हे कसं जमवायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर बाहेर आले. त्यांचं म्हणणं वेगळं. "विमा भारीतला घ्या. पण काही झालं तरी भरपाई मागू नका. मागितली की पुढच्या वर्षीची सवलत जाते." म्हणजे छत्री महागातली घ्यायची आणि पाऊस आला की काखेत मिटून धरायची. मी तसं म्हटलं, तर डॉक्टरांनी माझ्याकडे अक्कलदाढेकडे बघावं तसं बघितलं. बोलणं ऐकून आणखी दोघं-तिघं शेजारी जमले आणि सगळे मिळून आमच्या मोटरसायकलपाशी गेले. काकांनी टायर दाबला, डॉक्टरांनी आरसा हलवला आणि गाडीच्या तोंडावर चर्चा सुरू झाली की मुळात हिची विमा काढण्याइतकी लायकी आहे का. कुणी चोरली तर पोलीस चोरालाच विचारतील, का रे बाबा, असं एकाने म्हटलं आणि बाकीचे हसले. मला लागलं ते. गाडी जुनी असेल, पण माझी पाठ तिच्या सीटवर वर्षानुवर्षं आदळते आहे. आमचं एक नातं आहे.

दुसरी चूक मी मोबाइलवर केली. 'एका क्षणात सर्व विम्यांची तुलना' असं लिहिलेल्या एका ठिकाणी मी माझा नंबर टाकला. तुलना काही दिसली नाही, पण चहा गार व्हायच्या आत फोन सुरू झाले. अंघोळ करताना फोन, साहेबांसमोर फोन, न्हाव्याने गालाला वस्तरा लावलेला असताना फोन. त्यांतली एक मुलगी फार गोड बोलायची.

"सर, आपण गाडी रोज चालवता की कधी कधी?"

"मी चालवत नाही."

"अच्छा. मग कोण चालवतं, सर?"

"माझी मिसेस."

"मग सर, मॅडमना फोन द्या ना."

एवढं बोलून ती थांबली असती तरी मी पचवलं असतं. पण तिने विचारलं, "आणि सर, आपण काय करता?" मी फोन ठेवला. काही प्रश्नांना भरल्या घरात उत्तर देता येत नाही.

तरी या सगळ्यातून मला थोडं ज्ञान झालं, ते तुम्हालाही देतो. एक विमा असतो थर्ड पार्टी. आपण ज्याला धडकू त्याची भरपाई कंपनी करते, आणि आपलं आपण कण्हत बसायचं. दुसरा असतो फुल. त्यात त्याचंही आणि आपलंही. आणि या फुलवर वरून घ्यायच्या इतक्या गोष्टी असतात की हा फुल रिकामाच होता की काय असं वाटावं. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत, हे वेगळं. मागे बसणाऱ्याला काही झालं तर, हेही वेगळं! मागचा माणूस हा विमा कंपन्यांच्या दृष्टीने सामानात मोडतो, हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एवढा गोंधळ झाल्यावर खरेदी विभागातला माणूस काय करेल? निविदा काढेल. मी काढली. 'एक मोटरसायकल, चालू स्थितीत, हिचा विमा उतरवण्यासाठी इच्छुकांकडून मोहोरबंद लखोट्यात दरपत्रके मागवण्यात येत आहेत. लखोटे शनिवारी सायंकाळी इच्छुकांच्या उपस्थितीत उघडले जातील. कोणतेही कारण न देता निविदा रद्द करण्याचा अधिकार खाली सही करणार राखून ठेवत आहे.' खाली सही. ओळखीच्या विमावाल्यांना पाठवली आणि एक प्रत इमारतीच्या सूचनाफलकावर लावली. पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी ती फार शोभून दिसत होती.

संध्याकाळी ही घरी आली ती दारातूनच बोलत. "वॉचमन मला विचारतोय, ताई, घर विकताय का? काय लावलंय हे खाली?"

"पारदर्शकता," मी म्हणालो.

तिने कपाळाला हात लावला. मग शांतपणे म्हणाली, "हे बघा, तुमची हौस होऊ दे. पण सोमवारी सकाळी मला गाडी हवी. राजीनामा दिलाय मी. परत तिथे तोंड दाखवायला जाणार नाही." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. चढवला नाही, तेव्हा मी मुकाट्याने चहा ठेवायला उठलो.

शनिवारी तीन माणसं येतील असा माझा अंदाज होता. पण वरच्या काकांनी माझी निविदा त्यांच्या ओळखीच्या झाडून सगळ्यांना पाठवली होती. दुपार कलायच्या आत आमच्या पार्किंगमध्ये मोटरसायकलींची रांग लागली. घरातल्या खुर्च्या संपल्या, स्टुलं संपली, एक जण कपडे वाळत घालायच्या शिडीवर बसला. आयुर्विमावाले आले, आरोग्यविमावाले आले. एक जण पाण्याच्या टाक्या साफ करून देणारा होता. तो म्हणाला, निविदा दिसली की मी येतोच, सवय आहे.

मोटरसायकलचा लखोटा मात्र दोघांनीच आणला. एक टायवाले. त्यांचा टाय इतका घट्ट होता की शब्द पिळून बाहेर येत. दुसऱ्या बाई शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना मैदानाची सवय, त्यामुळे आमच्या बैठकीतही त्या शेवटच्या रांगेतल्या मुलाशी बोलावं तशा बोलत. त्यांनी "नमस्कार" म्हटलं तर कपाटातली भांडी वाजली.

आणि तिसरा माझा मेहुणा. हा विमा विकतो, पाण्याची यंत्रं विकतो, मध्यंतरी चपला विकत होता. हात हलवत आला आणि सोफ्यावर पाय पसरून बसला.

"लखोटा?" मी विचारलं.

"दाजी, आपल्यात कसला लखोटा? ताईची गाडी आहे. करून टाकतो की."

"मोहोरबंद लखोटा नसेल तर अपात्र."

"दाजी!"

"अपात्र," मी म्हणालो. स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला. माहेरचा माणूस बैठकीत अपात्र ठरवणं ही काय चीज आहे, हे लग्न झालेल्यांना सांगायला नको. पण नियम म्हणजे नियम.

मी लखोटे उघडले. टायवाल्यांचा दर खूपच कमी होता. मी मान डोलावतो न डोलावतो तोच बाई गरजल्या, "कमी असणारच! रस्त्यातली मदत धरली आहे का विचारा!" टायवाले म्हणाले, बाईंनी गाडीची किंमत मुद्दाम कमी धरली आहे. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे प्लॅस्टिकचा भाग तुटला तर अर्धेच पैसे मिळतात. आयुर्विमावाले मध्येच म्हणाले, माणूसच गेला तर प्लॅस्टिक घेऊन काय करायचं? यावर आरोग्यविमावाल्यांनी हरकत घेतली. काका ओरडत होते, "किल्ल्यांचं विचारा! दोन्ही किल्ल्यांचं विचारा!"

मी तुलनात्मक तक्ता करायला बसलो आणि माझ्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. पात्र दरपत्रकं दोन. नियमाला लागतात तीन. तीन नसली तर फेरनिविदा, आणि फेरनिविदेला आठवड्याची मुदत. मी घसा साफ केला आणि माझ्याच तोंडून ते वाक्य निघालं. "पुरेशी दरपत्रके न आल्यामुळे ही निविदा रद्द करण्यात येत आहे."

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले. इतक्या माणसांसमोर. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पंपांच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. पंपाला सोमवारी सकाळी कुठे जायचं नसतं.

"बघितलंस ताई?" मेहुणा उठलाच. "मी फुकट धावत आलो आणि मला अपात्र करतात! मी चाललो." आणि तो ताडताड जिना उतरला. पुढचं आम्ही गॅलरीतून पाहिलं. त्याची गाडी रांगेत मधोमध अडकली होती. रागाच्या भरात त्याने ती हिसडा देऊन मागे खेचली. हँडल शेजारच्या गाडीत अडकलं, ती कलली, तिने पुढचीला ढकललं, आणि मग एकामागोमाग एक सगळी रांग धाडधाड आडवी होत गेली. टायवाल्यांची, बाईंची, आयुर्विम्याची, आरोग्यविम्याची, टाकीवाल्याची. आमची तेवढी कोपऱ्यात खांबाला टेकून होती, ती वाचली. एवढा आवाज झाला की दाताचे डॉक्टर तोंडात हातमोजा घातलेल्या पेशंटसकट बाहेर आले.

आम्ही सगळे धावत खाली. एकच कल्लोळ! कुणाचा दिवा फुटला, कुणाचा ब्रेक वाकला. मेहुणा मनगट धरून मधोमध उभा. "दाजी," तो माझ्या कानाशी लागला, "माझ्या गाडीचा विमा गेल्या महिन्यात संपलाय. ताईला सांगू नका." ताई माझ्या मागेच उभी होती. तिने त्याला पायरीवर बसवलं, मनगट हातात घेतलं आणि तपासायला सुरुवात केली. "ताई, हळू! ताई, मेलो!" "हळूच करतेय," ही म्हणाली. ते हळू नव्हतं.

आणि तेव्हा, त्या पडलेल्या गाड्यांच्या मधोमध उभं असताना, मला एकदम सुचलं. खरेदी विभागात पंप घेताना आम्ही नुसत्या कागदावर कधीच जात नाही. आधी प्रात्यक्षिक घेतो. पाणी चढवून दाखव म्हणतो. विम्याचं प्रात्यक्षिक कसं घेणार, या विचाराने मी अडून बसलो होतो, आणि ते माझ्या पार्किंगमध्ये आपोआप उभं राहिलं होतं. म्हणजे, आडवं पडलं होतं. विमा विकणाऱ्या एवढ्या माणसांच्या गाड्या पडल्या होत्या आणि प्रत्येक जण आपापल्या विम्याच्या कंपनीला फोन लावत होता!

मी वरून एक खुर्ची मागवली आणि मध्ये बसलो. "चालू द्या," म्हणालो. "निविदा रद्द झालीय, प्रात्यक्षिक नाही."

आयुर्विमावाल्यांच्या फोनवर संगीत लागलं. चांगलं होतं, पण संपेना. आरोग्यविमावाल्यांना पलीकडून सांगण्यात आलं की मदत रस्त्यावर मिळते आणि पार्किंग हा रस्ता नव्हे, तेव्हा गाडी रस्त्यावर नेऊन मग फोन करा. टाकीवाल्याचा नंबरच लागत नव्हता. बाईंनी फोन लावला, पहिल्याच रिंगला पलीकडून माणूस बोलला, आणि बाई म्हणाल्या, "पत्ता लिहा!" तो पत्ता त्याने फोनशिवायही ऐकला असता.

टायवाले मात्र खांबाआड जाऊन दबक्या आवाजात बोलत होते. मी मान वळवून ऐकलं, आणि बाईंनीही ऐकलं.

"टायवाले!" बाई कडाडल्या. "तुम्ही आमच्या कंपनीला फोन करताय?"

टायवाल्यांनी पहिल्यांदाच टाय सैल केला. चेहरा उतरला होता. "मॅडम," ते म्हणाले, "विकणं वेगळं आणि स्वतःसाठी घेणं वेगळं."

असा हशा पिकला म्हणता! काका तर कठड्यावर बसूनच हसले. स्कूटर गेल्यापासून त्यांना इतकं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. बाईंच्या कंपनीची गाडी आणि दोन मेकॅनिक आम्ही केलेला चहा पिऊन व्हायच्या आत दारात हजर झाले. बाईंचा दिवा बदलला, टायवाल्यांचा ब्रेक सरळ केला, आणि जाताना मेकॅनिकने मेहुण्याच्या गाडीकडे बघून विचारलं, "ही कुणाची?" मेहुण्याने मान खाली घातली.

मी उभा राहिलो. "आमच्या नियमांत एक कलम आहे," मी म्हणालो. "तातडीची खरेदी. आळशी लोक वापरतात म्हणून मी ते आजवर कधी वापरलं नाही. दरपत्रकांना थांबलं तर एखाद्याचं काम बुडेल, अशा वेळी सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने सरळ खरेदी करता येते." मी हिच्याकडे वळलो. "सक्षम अधिकारी, मान्यता?"

ही मेहुण्याचं मनगट सोडून उठली. डोळे अजून ओले होते, पण हसत होती. "मान्यता," म्हणाली.

टाळ्या! खऱ्याखुऱ्या टाळ्या पडल्या. पंपांच्या खरेदीला कुणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. बाईंनी तिथेच गाडीच्या सीटवर बसून मोबाइलवर सगळं भरायला घेतलं. फुल विमा, रस्त्यातली मदत. "मागे बसणाऱ्याचा घ्यायचा का?" त्यांनी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं विचारलं. मी म्हणणार होतो, राहू द्या, उगाच खर्च. पण ही आधीच म्हणाली, "तो आधी घ्या. मी रस्ता बघत असते. हे मागे डोळे मिटून, माझ्यावर भरवसा टाकून बसतात." मी टायरकडे बघत राहिलो.

मेहुण्याचा विमाही त्याच बैठकीत उतरला. लखोटा न मागता. मी मोठ्या मनाचा माणूस आहे.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. ही पुढे, मी मागे, मांडीवर तिची उपकरणांची पिशवी. सुट्टी काढली होती मी. मोठ्या चौकात वाहतूक पोलीस गाड्या अडवून कागद तपासत होते. माझं हृदय आनंदाने धडधडायला लागलं. खिशात कोराकरकरीत विमा होता. पण पोलिसाने आमच्याकडे बघितलं आणि हाताने जा म्हटलं.

"साहेब!" मी मागून ओरडलो. "आमचे कागद नाही बघत?"

"गप्प बसा हो!" म्हणत हिने जी गाडी दामटली ती आजोबांच्या इमारतीखाली थांबवली. वेळेच्या आधी पोचलो. ती पिशवी घेऊन वर गेली आणि मी गाडीपाशी थांबलो. पहिल्या मजल्याची खिडकी उघडी होती. तिचा आवाज खाली येत होता. "उचला आजोबा, अजून थोडा वर. मी धरलंय. शाब्बास!" मग एक थकलेलं, आश्चर्याने भरलेलं हसू ऐकू आलं. आजोबांचा हात उचलला गेला असणार. मला इतकं बरं वाटलं की मी मोटरसायकलवर थाप मारली.

थोड्या वेळाने आजोबांची मुलगी खिडकीत आली. खुशीत दिसत होती. "ताईंना उद्यापासून रोज यायला सांगितलंय," ती वरून म्हणाली. मग माझ्याकडे आणि मोटरसायकलकडे बघून तिने विचारलं, "तुम्ही त्यांचे ड्रायव्हर का?"

"नाही," मी मान ताठ करून म्हणालो. "मी त्यांचा खरेदी विभाग."